उपास अंगी लागतो का?

गोंदिया-भंडाऱ्याकडच्या नागझिऱ्याच्या जंगलात शिरायला ज्या वाटा आहेत, त्यांतली एक चोरखमाऱ्याहून जाते. गाव लहान, तलाव मोठा, आणि तलावाखाली धानाच्या बांध्या. पहाटे गेटावर जिप्सीची वाट बघत थांबलेल्या शहरी पाहुण्यांच्या गप्पा वाघापासून सुरू होतात आणि हटकून पोटाच्या घेरावर येतात. मग कोणीतरी म्हणतोच, की वाघ काय दिवसातून चार वेळा खातो का? आठवड्याला एक शिकार, मग नुसती झोप. बघा, अंगावर चरबी दिसते का!

हे खोटे नाही. पूर्ण वाढलेला वाघ वर्षाला साधारण पन्नासेक मोठी जनावरे मारतो, म्हणजे सरासरी आठवड्याला एक. पण त्याच जंगलात चितळांचे कळपही असतात. सकाळ-संध्याकाळ चरायचे, मधल्या वेळेत रवंथ करायचे, असा त्यांचा दिवस चालूच असतो, आणि लठ्ठ चितळ मी अजून पाहिलेले नाही. ज्याचे जसे आतडे तसे त्याचे वेळापत्रक. साक्षीला जंगल बोलवायचे असेल तर दोन्ही पक्षांना तिथे साक्षीदार मिळतो, म्हणून तो मुद्दा गेटावरच ठेवून पुढे जाऊ.

महाराष्ट्रात हे दोन पक्ष अगदी नावानिशी उभे राहिले. 2018 च्या आसपास मराठी घरांत, कार्यालयांत, व्हॉट्सअॅपच्या गटांत एकच वाद पेटला होता: दीक्षित की दिवेकर? डॉ. जगन्नाथ दीक्षित हे तेव्हा शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातले सामाजिक आरोग्याचे प्राध्यापक. त्यांचे सांगणे चार ओळींत मावते. दिवसातून दोनदाच जेवायचे, तेही कडकडून भूक लागेल तेव्हा. प्रत्येक जेवण 55 मिनिटांत संपवायचे. मधल्या वेळेत पाणी, पातळ ताक, बिनसाखरेचा बिनदुधाचा चहा, एवढेच. आणि रोज 45 मिनिटांत साडेचार किलोमीटर चालायचे. ‘विनासायास वेट लॉस’ हे शब्द त्यांच्या पुस्तकाच्या नावातच आहेत. दुसरीकडे ऋजुता दिवेकर. ‘डोन्ट लूज युवर माइंड, लूज युवर वेट’ हे त्यांचे पुस्तक 2009 चे. त्यांचा भर दर दोन तासांनी थोडे थोडे, घरचे, आपल्या मातीतले खाण्यावर. एकाच भाषेतली दोन माणसे, एकाच वेळी, नेमके उलट सांगत होती. गंमत अशी, की दोन्हीकडून ‘आमचे वजन उतरले’ म्हणणारी खरीखुरी माणसे भेटत होती. पुढे राज्य सरकारने डॉ. दीक्षितांना स्थूलपणाविरोधी मोहिमेचे दूत नेमले आणि आहारतज्ज्ञांमध्ये जुंपली.

दीक्षितांच्या आहाराचे मूळ विदर्भातले आहे, हे पुण्या-मुंबईकडे फारसे कोणाला आठवत नाही. ती मांडणी नागपूरच्या डॉ. श्रीकांत जिचकारांची. डझनांनी पदव्या घेतलेला, 1980 साली अगदी तरुण वयात आमदार झालेला हा माणूस 2 जून 2004 ला नागपूरजवळ अपघातात गेला. त्यांच्या भाषणांतून ही गोष्ट आधीच पसरली होती, आणि दीक्षित ते श्रेय जिचकारांना मोकळेपणी देतात. जिचकारांचा तर्क इन्सुलिनचा होता. खाल्ले की इन्सुलिन स्रवते, इन्सुलिन चढलेले असले की चरबी वितळत नाही. म्हणून ते जितक्या कमी वेळा स्रवेल तितके बरे.

तर्क सुटसुटीत आहे. शरीर मात्र तितके सुटसुटीत नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत केव्हिन हॉल यांनी वीस माणसांना महिनाभर संस्थेतच ठेवून दोन-दोन आठवडे दोन प्रकारचे जेवण वाढले आणि ‘हवे तितके खा’ म्हणून सांगितले. एक जेवण कमी पिठूळ आणि जास्त चरबीचे, दुसरे भरपूर पिठूळ आणि कमी चरबीचे. दुसऱ्या जेवणाने इन्सुलिन चांगलेच चढत होते. तरीही त्या पंधरवड्यात लोक रोज जवळपास 690 कॅलरी कमी खात होते. 2021 साली हे निष्कर्ष छापून आले. म्हणजे इन्सुलिन हा गोष्टीतला एक धागा आहे, गोष्टीचा मालक नाही.

मग घड्याळ लावून जेवल्याने होते तरी काय? कॅलिफोर्नियात 116 लोकांवर बारा आठवडे प्रयोग झाला. अर्ध्यांनी दुपारी बारा ते रात्री आठ एवढ्याच वेळात खायचे, बाकीच्यांनी नेहमीप्रमाणे तीनदा. काय खावे, किती खावे, हे कोणालाच सांगितले नव्हते. 2020 साली निकाल आला: घड्याळवाल्यांचे वजन सरासरी 0.94 किलोने उतरले, इतरांचे 0.68 किलोने. हा फरक संख्याशास्त्राच्या दृष्टीने फरकच नव्हे. त्यातली बोचरी बाब वेगळीच होती. ज्यांचे मोजमाप प्रयोगशाळेत नीट करता आले, त्या घड्याळवाल्यांनी गमावलेल्या वजनात सुमारे 65 टक्के वाटा चरबीचा नव्हता. तो स्नायूंसह चरबीरहित शरीराचा होता. हे वाक्य लक्षात ठेवा. पुढे चोरखमाऱ्याच्या बांधीत ते पुन्हा लागणार आहे.

चीनमध्ये ग्वांगझूला 139 लठ्ठ माणसांवर वर्षभर काम झाले, 2022 साली छापून आले. तिथे दोन्ही गटांचे खाणे सारखेच कमी केले होते. एका गटाने ते सकाळी आठ ते दुपारी चार या वेळातच खायचे, एवढाच फरक. वर्षअखेर आठ किलो आणि 6.3 किलो उतरले. हाही फरक निर्णायक ठरला नाही. शिकागोत 2017 साली एकाआड एक दिवस उपासाची तुलना रोज थोडे कमी खाण्याशी केली: वर्षाने सहा टक्के आणि 5.3 टक्के. पण उपासाच्या गटातले 38 टक्के लोक मधेच सोडून गेले, तर रोज थोडे कमी खाणाऱ्यांतले 29 टक्के. 2025 साली 99 प्रयोग एकत्र मांडून केलेला मोठा आढावा आला. त्यात एकाआड एक दिवसाचा उपास नेहमीच्या डाएटपेक्षा सव्वा किलोच्या आसपास सरस दिसला. बाकीचे प्रकार जवळपास बरोबरीचे.

या सगळ्याचा अर्थ माझ्या मते एवढाच: उपासाने वजन उतरते, कारण उपासाने खाणे कमी होते. जिथे खाणे कमी होत नाही तिथे उतरत नाही. दीक्षितांच्या पंथाला आणि दिवेकरांच्या पंथाला यश का आले, तेही इथेच उलगडते. एकाने संध्याकाळचा चिवडा, कार्यालयातली बिस्किटे, रात्रीचे उरलेसुरले बंद केले. दुसरीने पाकिटातले खाणे बंद करून घरचे ताट समोर आणले. दोघांनीही फरसाणाची बरणी कपाटात ढकलली. वजन त्या बरणीत होते.

थोडा हिशेब सांगतो, कारण उपासाच्या पहिल्याच दिवशी काट्यावर दीड किलो कमी दिसले की माणूस हुरळतो. यकृतात आणि स्नायूंत मिळून चार-पाचशे ग्रॅम ग्लायकोजेन, म्हणजे साठवलेली साखर असते आणि तिच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी बांधलेले असते. उपासात ही साखर खर्च होते, पाणी मोकळे होऊन लघवीवाटे जाते. एक किलो चरबीत सुमारे 7,700 कॅलरी. दिवसाला दोन हजार कॅलरी खर्चणाऱ्या माणसाने दिवसभर काहीही खाल्ले नाही आणि सगळा खर्च चरबीतूनच भागला असे धरले, तरी अडीचशे-पावणेतीनशे ग्रॅमच्या वर चरबी जात नाही. बाकीचे पाणी. दुसऱ्या दिवशी पारण्याला बसले की ते परत येते. रमजानच्या महिन्याभराच्या रोज्यांचेही असेच आहे. सरासरी किलोभर वजन उतरते आणि ईदनंतर काही आठवड्यांत बहुतेकांचे परत येते.

अतिलांब उपासाच्या कथाही सांगितल्या जातात. स्कॉटलंडच्या अँगस बार्बिएरीने 1965-66 मध्ये 382 दिवस अन्न घेतले नाही आणि 207 किलोंचा तो 82 किलोंवर आला. खरी गोष्ट आहे. पण तो डॉक्टरांच्या देखरेखीखाली होता, जीवनसत्त्वे आणि क्षार घेत होता, आणि त्याच्याजवळ सव्वाशे किलोंचा साठा होता. ज्याच्या कोठारात धानच नाही, त्याने ही गोष्ट ऐकून काय करायचे?

‘उपासात पेशी स्वतःची साफसफाई करतात’ हा अलीकडचा आवडता दाखला. योशिनोरी ओसुमी यांना 2016 चे नोबेल मिळाले ते ऑटोफॅजीच्या यंत्रणेवरच्या कामासाठी. त्यांचे ते काम किण्वावर, म्हणजे यीस्टवर झाले होते. चतुर्थी केल्याने माणूस रोगमुक्त होतो, असे त्या नोबेलात काही नाही. उलट बाजूने घाबरवणारेही आहेत. आठ तासांपेक्षा कमी वेळात खाणाऱ्यांत हृदयविकाराने मृत्यूचे प्रमाण 91 टक्के अधिक, अशी बातमी 2024 च्या मार्चमध्ये जगभर फिरली. ती वीस हजार अमेरिकनांच्या अवघ्या दोन दिवसांच्या खाण्याच्या नोंदींवर उभी होती. आजारी माणूस, एकटा माणूस, दोन पाळ्यांत काम करणारा माणूसही कमी वेळातच खातो. कारण आणि परिणाम यांची तिथे गल्लत होऊ शकते. नोबेलचा दाखला आणि ही बातमी, दोन्ही मी सारख्याच थंडपणे बाजूला ठेवतो.

एक प्रयोग मात्र बाजूला ठेवता येत नाही, जरी तो इवलासा असला तरी. अलाबामात 2018 साली मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या आठ पुरुषांना पाच आठवडे सहा तासांच्या आतच जेवायला दिले, आणि दिवसाचे शेवटचे जेवण दुपारी तीनच्या आत. वजन मुद्दाम उतरू दिले नाही. तरीही इन्सुलिनचे काम सुधारले आणि रक्तदाब खाली आला. आठच माणसे, त्यावर मंदिर बांधू नये. पण दिवस मावळल्यावर जड जेवण टाळावे, या जुन्या समजुतीला त्यातून थोडा टेकू मिळतो. जैनांचा चौविहार हेच सांगतो. जंगलाकाठच्या गावांत, जनावरांच्या धाकाने म्हणा की विजेच्या बेभरवशाने म्हणा, दिवेलागणीलाच ताटे होत, तेही याच जातीतले.

आता आपल्या उपासाकडे येऊ, कारण खरी गंमत तिथे आहे. मराठीला उपाशी राहण्यासाठी किती शब्द आहेत पाहा: उपास, उपोषण, लंघन, निर्जळी, एकभुक्त, नक्त, प्रायोपवेशन, आणि तळाशी उपासमार. एकभुक्त म्हणजे दिवसातून एकदाच जेवणे, नक्त म्हणजे रात्री एकदाच. आज इंग्रजी नावाने विकल्या जाणाऱ्या बहुतेक पद्धतींना आपल्याकडे शतकांपूर्वीच नाव होते. पण यांतला एकही शब्द वजनासाठी जन्मलेला नाही. व्रताचा उपास देवासाठी. गांधीजींनी फेब्रुवारी 1943 मध्ये आगाखान पॅलेसात केलेला 21 दिवसांचा उपास असो, की साने गुरुजींनी 1947 च्या मे महिन्यात पंढरपूरचे मंदिर सर्वांना खुले व्हावे म्हणून केलेला, ते लोकांच्या मनासाठी. विनोबांनी नोव्हेंबर 1982 मध्ये पवनारला अन्नपाणी सोडले ते देह ठेवण्यासाठी. लंघन एवढेच काय ते शरीरासाठी.

आणि लंघनाबद्दल चरकसंहिता आजच्या कित्येक डाएटवाल्यांपेक्षा शहाणी आहे. सूत्रस्थानात लंघनाचे दहा प्रकार सांगितले आहेत. त्यांत उपवास हा एक, व्यायाम हाही एक, उन्हात बसणे हाही एक. त्याच अध्यायात लंघनाच्या समोर बृंहण ठेवले आहे, म्हणजे पोसणे. स्थूलाला लंघन, कृशाला बृंहण. स्थूल माणसासाठी वेगळ्या ठिकाणी आणखी एक नेमका सल्ला आहे: पचायला जड पण पोषणाला हलके असे अन्न द्यावे. जव, मूग, कुळीथ त्या गटात येतात. पोट भरले वाटावे पण अंगावर चढू नये, हे आजचे आहारशास्त्र तंतुमय अन्नाबद्दल सांगते, ते हेच. आपण ‘लंघन परम औषध’ तेवढे पाठ केले आणि ‘कोणाला’ हा भाग गाळला.

आणि मग त्या उपासाचे ताट वाढले. ‘एकादशी आणि दुप्पट खाशी’ ही म्हण ज्याने काढली, त्याने काही साबुदाण्याच्या कॅलरी मोजल्या नव्हत्या. मोजू या. साठ ग्रॅम साबुदाणा म्हणजे सुमारे 210 कॅलरी. पंचवीस ग्रॅम दाण्याचे कूट, 140. मोठा चमचाभर तूप, 130 च्या आसपास. थोडा बटाटा. बेरीज पाचशेच्या घरात, आणि प्रथिने सहा-सात ग्रॅम, तीही सगळी दाण्यांची. साबुदाण्यात प्रथिन जवळपास नाहीच. त्या जागी रोजचे जेवण धरा: ऐंशी ग्रॅम तांदळाचा भात, तीस ग्रॅम डाळीचे वरण, बेताच्या तेलातली पालेभाजी. साडेचारशे कॅलरी, प्रथिने बारा-तेरा ग्रॅम. उपासाच्या दिवशी आपण जास्त खातो आणि कमी पोसतो. वर ही खिचडी रक्तातली साखर झरझर चढवते. मधुमेही माणसाने एकादशीला साखर तपासली तर त्याला देव आठवेल.

साबुदाणा शास्त्रात चालतो, असे घराघरांत ठासून सांगितले जाते. आज आपण खातो तो साबुदाणा कसाव्याच्या कंदाचा. ते पीक पोर्तुगीजांबरोबर ब्राझीलहून भारतात आले आणि त्याचे कारखाने तमिळनाडूत सेलमकडे 1940 च्या दशकात उभे राहिले. बटाटा, रताळे, शेंगदाणा, मिरची, राजगिरा हे सगळे मूळचे अमेरिका खंडातले. कोलंबसाआधीच्या एखाद्या व्रतस्थ मराठी बाईला आपले उपासाचे ताट दाखवले, तर यातले एकही तिला ओळखता येणार नाही. त्या मानाने ऋषिपंचमीचा नियम खरोखर जुन्या वळणाचा वाटतो. बैलाच्या कष्टाने पिकलेले खायचे नाही. मग परसातल्या, बांधावरच्या भाज्या उरतात, त्यांची मिळून भाजी. गोंदियाच्या पूर्वेला छत्तीसगडात कमरछठला नांगर न लागलेला, आपसूक उगवलेला पसहर तांदूळ खातात. हे उपास ताट बदलतात. ताट दुप्पट करत नाहीत.

आणि एक गोष्ट गोंदिया-भंडाऱ्याच्या तलावांतच आहे. शिंगाडा. धिवर-कहार कुटुंबे पावसाळ्यात तलावात वेल सोडतात, पाऊस ओसरला की छातीभर पाण्यात उतरून फळे काढतात. उकडलेले काळे-हिरवे शिंगाडे बाजारात ढिगाने येतात. ताज्या शिंगाड्यात सत्तर टक्के पाणी, शंभर ग्रॅमला सव्वाशेच्या आत कॅलरी, आणि चार-पाच ग्रॅम प्रथिने. चावायला वेळ लागतो, पोट भरते. उपासाला हाही चालतो. पण आपण तो वाळवतो, दळतो, पीठ तुपात परततो, साखर घालतो, आणि त्याचा शिरा करतो. मग शिंगाड्याचा आणि मैद्याचा फरक जिभेपुरता उरतो. या झाडीपट्टीच्या लोकांना माझे सांगणे आहे: उपास करायचाच असेल तर तुमच्या तलावातले फळ सेलमच्या गोळ्यांपेक्षा चांगले आहे. ते उकडून खा.

एवढे झाले ताटाचे. आता अंगाचे.

पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांचे एक छायाचित्र वैद्यकीय जगात प्रसिद्ध आहे. 2004 साली ‘लॅन्सेट’मध्ये ते छापले. शेजारी लंडनचे जॉन युडकिन. दोघांचा उंची-वजनाचा बीएमआय अगदी सारखा, 22.3. कागदावर दोघेही सडपातळ. पण युडकिनांच्या शरीरात चरबी 9.1 टक्के, याज्ञिकांच्या 21.2 टक्के. भारतीय माणूस बारीक दिसतो, पण आतून स्नायू कमी आणि चरबी जास्त, हे याज्ञिकांनी पुणे जिल्ह्यातल्या खेड्यांत गर्भापासून तपासले. त्या गावांतली बाळे सरासरी 2.7 किलोंची, इंग्लंडमधल्या साउथहॅम्प्टनची 3.5 किलोंची, आणि आपल्या बाळांत कमी पडले होते ते मांस, चरबी फारशी नव्हे. म्हणून भारतीयांसाठी लठ्ठपणाची रेघ पंचविसावर ओढली, गोऱ्यांसाठी ती तिसावर आहे.

आता कॅलिफोर्नियाचा तो निकाल आठवा. वजन गेले, पण त्यातला मोठा वाटा स्नायूंसह चरबीरहित शरीराचा. ज्याच्याकडे स्नायूच आधीच कमी, त्याने प्रथिने न वाढवता, अंगमेहनत न वाढवता केलेला उपास काट्यावर छान दिसतो आणि आतून पोखरतो. मधुमेहाला प्रतिबंध करणारा अवयव म्हणजे स्नायू. साखर खर्च होते ती तिथे. म्हणून शहरातल्या पोटसुट्या माणसाला मी दोन जेवणे जरूर सुचवीन, पण दोन्हीत वाटीभर घट्ट वरण किंवा उसळ, अंडी किंवा मासे, दही असले पाहिजे, आणि आठवड्यातून दोन-तीनदा काही जड उचलले पाहिजे. नुसते चालून भागत नाही.

आणि चोरखमाऱ्यात? श्रावण लागतो तेव्हा पाऊस उशिराचा असेल तर रोवणा, म्हणजे धानाची लावणी, चालूच असतो. सकाळपासून घोटाभर चिखलात वाकून, पऱ्ह्याच्या जुड्या सोडवत बाया मागे मागे सरकतात. सोमवारी त्यांतल्या कित्येकींचा उपास असतो. भाद्रपदात हरितालिका येते, ती निंदणाच्या दिवसांत, आणि ती अनेक जणी निर्जळी करतात. उपासाच्या दिवशी भातही नाही, वरणही नाही, लाखोळीची डाळ नाही, तलावातली मासोळी तर नाहीच. प्रथिनांची जी थोडी दारे आहेत ती सगळी बंद. उरते ती मूठभर भगर, चहा, कधी केळ. चतुर्थी असेल तर तेही चंद्र दिसल्यावर.

या बाईला उपासाचा ‘फायदा’ काय सांगायचा? 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या बायकांचे दोन आकडे शेजारी-शेजारी आहेत: 23.4 टक्के जणींचे वजन जास्त, 20.8 टक्के जणींचे गरजेपेक्षा कमी. आणि 15 ते 49 वयाच्या 54.2 टक्के बायकांच्या रक्तात हिमोग्लोबिन कमी. एकाच राज्यात उपासाची गरज असलेले आणि जेवणाची गरज असलेले जवळपास सारखे. पण उपासाचा प्रचार बहुतेक पहिल्या गटाच्या भाषेत होतो आणि उपास प्रत्यक्षात दुसरा गटही तितक्याच निष्ठेने करतो. घरातल्या पुरुषाच्या मधुमेहाकरता सांगितलेले ‘दोनदाच जेवा’ घरातल्या बाईने आपल्याला लावून घेतले, हे मी विदर्भातच नव्हे, पुण्यातही पाहिले आहे. तिला कोणी सांगितले नव्हते. एका चुलीवर दोन नियम चालवण्यापेक्षा ते सोपे होते.

पूर्व विदर्भात आणखी एक गोष्ट आहे, जी पुण्या-मुंबईच्या आहारचर्चेत कधीच येत नाही. सिकलसेल. गोंदिया, भंडारा, गडचिरोली, चंद्रपूर, नागपूर हा या आजाराचा पट्टा. इथल्या आदिवासी समाजांत आणि इतरही अनेक समाजांत तो पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला आहे. शरीरात पाणी कमी झाले की या रुग्णांच्या लाल पेशींतले हिमोग्लोबिन गाठाळते, पेशी विळ्यासारख्या वाकतात आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. मग हाडांत, छातीत, पोटात असह्य कळा उठतात. त्याला क्रायसिस म्हणतात. पाणी न पिणे, उन्हात राबणे, थकवा, ताप ही त्याची नेहमीची निमित्ते. निर्जळी उपास आणि बांधीतले काम यात त्यातली तीन एका दिवसात जमतात. सिकलसेलच्या रुग्णाने निर्जळी करू नये, हा सल्ला नव्हे, मनाई आहे. नुसता वाहक असलेल्याला एरवी त्रास नसतो, पण पाणी तोडून कष्ट त्यानेही करू नयेत. 1 जुलै 2023 ला मध्य प्रदेशातल्या शहडोलहून देशाची सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू झाली. तपासणी होते, कार्डे मिळतात. त्या कार्डावर ‘उपासाला पाणी प्या’ हे तीन शब्द छापायला फार शाई लागणार नाही.

मधुमेहाची गोळी घेणाऱ्यांसाठीही एक गोष्ट स्पष्ट सांगावी लागेल. ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या आणि इन्सुलिन साखर खाली ओढतात, तुम्ही जेवलात की नाही ते विचारत नाहीत. उपास ठेवून रोजची गोळी तशीच घेतली तर घाम फुटतो, हात थरथरतात, माणूस बरळतो, कोसळतो. गोळी न घेता साबुदाणा खाल्ला तर उलटा प्रकार. उपास धरायचा असेल तर आधी डॉक्टरकडे जाऊन गोळीचे काय करायचे ते ठरवावे. गरोदर, अंगावर पाजणारी, वाढीतली मुले, म्हातारपणी खंगलेली माणसे आणि खाण्याच्या विकारातून गेलेली मुले-मुली यांनी वजनासाठी उपास करूच नये. व्रतासाठी करायचा असेल तर देव समजूतदार आहे. फलाहार आणि पाणी त्याला चालते.

ज्याचे पोट सुटले आहे, ज्याचा दिवस खुर्चीत जातो, रक्तात साखर डोकावू लागली आहे, त्याने दोन जेवणे करून पाहावीत. दिवस मावळायच्या आत दुसरे जेवण आटोपले तर आणखी चांगले. सहा महिन्यांत कमरेचा घेर कमी झाला तर चालू ठेवावे, नाहीतर सोडून नेहमीची तीन ताटे थोडी लहान करावीत. शिकागोच्या प्रयोगात उपास आणि रोज थोडे कमी खाणे, दोन्हींचे फळ जवळपास सारखेच मिळाले होते. आणि ज्याच्या अंगावर आधीच मांस कमी, त्याने उपासाच्या पुस्तकाऐवजी चरकाचा बृंहणाचा भाग वाचावा आणि ताटात वरण वाढवावे.

यंदाच्या हरितालिकेला चोरखमाऱ्याच्या बांधीत किंवा दुसऱ्या कुठल्या शिवारात निंदायला जाणाऱ्या बाईच्या घरी कोणाचे सिकलसेलचे कार्ड असेल, तिची स्वतःची तपासणी झाली नसेल, तर तिच्याबरोबर पाण्याची कॅन द्या आणि दुपारी बांधावर जाऊन ती रिकामी झाली का ते पाहा.